होंडुरासला जाण्याआधी

मिरज

चि. सोनूस,



तुमच्या डॅलसच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण मुलं जुलैत दहा दिवस होंडुरासला घरं बांधायला जाणार आणि त्यासाठी तू वर्गणी जमवते आहेस, असं दादाकडून कळलं. सेवेची ओढ तुझ्या मनात आहे, याचा मला फार आनंद झाला. तरी पैसे भरण्याआधी माझं थोडं ऐक.

1998 साली मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरं गेली, तेव्हाही अमेरिका-कॅनडातल्या मंडळ्यांचे गट तिथे घरं बांधायला गेले होते. तिथेच राहणाऱ्या कर्ट व्हर बीक या प्राध्यापकांनी त्या कामाचा अभ्यास करून तो 2006 मध्ये छापला. विमानभाडं धरून एका गटाचा खर्च सुमारे तीस हजार डॉलर होई आणि त्यातून एक घर उभं राही. तसंच घर स्थानिक संस्था दोन हजारांत बांधत होत्या. घर परदेशी पाहुण्यांनी बांधलं काय किंवा गावच्या लोकांनी बांधलं काय, त्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात फरक दिसला नाही. परत गेलेल्या स्वयंसेवकांच्या दानधर्मातही पुढे फारसा फरक पडला नाही.

सोनू, तू आजवर थापी हातात धरलेली नाहीस. तिथल्या गवंड्याला मात्र रोजगार हवा आहे. म्हणून तुमच्या गटप्रमुखाला आधी विचार, की आपल्याला बोलावलं कोणी? तिथल्या पाळकांनी स्वतःहून काय मागितलं होतं? घरच मागितलं असेल, तर मजुरी गावच्या माणसांना द्या आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली विटा वाहा. होंडुरासमध्ये ख्रिस्ती धर्म सोळाव्या शतकात पोहोचला आणि आज तिथे प्रार्थनामंदिरांची वाण नाही. शुभवर्तमान तुम्ही पहिल्यांदा नेत आहात अशा समजुतीने जाऊ नका. त्यांच्या उपासनेत मागच्या बाकावर बसून ऐका. त्यासाठी आतापासून स्पॅनिश शिकायला लाग.

आरोग्य शिबिराचंही दादा म्हणाला. मी जन्मभर नर्सचं काम केलं, म्हणून हे जरा कडक सांगते. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या देऊन तुम्ही विमानात बसणार. मग गोळ्या संपल्यावर त्या माणसाने कोणाकडे जायचं? जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याची नोंद होणार नसेल, तर असं शिबिर न घेतलेलं बरं. आणि जे काम टेक्सासमध्ये तुला करू देणार नाहीत, ते गरिबाच्या अंगावर करायचं नाही. इंजेक्शनही नाही आणि टाकाही नाही.

अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात असेल, तर त्या दिवशी तू जाऊ नकोस. जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर हैतीतून 33 मुलांना सीमेपार नेताना अमेरिकेतले दहा मंडळीवाले पकडले गेले. ती मुलं अनाथ असल्याचं त्यांनी सांगितलं होतं, पण बहुतेकांचे आईबाप जिवंत निघाले. कंबोडियातही अनाथाश्रमातल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं आहे. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून गरीब घरांतून मुलं आणली जातात. चार दिवस कडेवर घेऊन माया लावायची आणि निघून जायचं, हे त्या लेकरांवर पुन्हा पुन्हा घडतं. त्यांचे फोटोही काढू नकोस.

सेवा टिकते कशी, ते आपल्या मिरजेत बघ. मिशनरी डॉ. वानलेस 1889 मध्ये भारतात आले. 1894 मध्ये इथलं रुग्णालय सुरू झालं आणि तीनच वर्षांत ते इथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवू लागले. ते परत गेले 1928 मध्ये. वानलेसवाडीला त्यांचं नाव आहे ते या एवढ्या वर्षांमुळे, आणि हाताखाली तयार केलेल्या माणसांमुळे. दहा दिवसांत तुला ते जमणार नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. पण तुमच्या मंडळीने दर वर्षी नवा देश न निवडता त्याच गावाशी, त्याच पाळकांशी पाच-सात वर्षं नातं ठेवावं, असं तू सुचवू शकतेस. प्रवासाला जेवढं जमेल, तेवढंच त्या गावासाठीही जमवा, असंही म्हण.

गटप्रमुखांना हे विचारायला संकोचू नकोस. आदराने विचारलंस तर भल्या माणसाला राग येणार नाही. पाळकांचं उत्तर काय येतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख कोणती, ते मला कळव. उत्तर पटलं तर माझ्याकडूनही थोडे पैसे पाठवीन, पण ते गवंड्याच्या मजुरीसाठी.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते.

तुझी,
आत्या