खाजगी आणि सार्वजनिक शाळा : स्पर्धेतील न्यायाचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शरद ऋतूतील शुक्रवारची संध्याकाळ माध्यमिक शाळांच्या फुटबॉलची असते. हा फुटबॉल भारतीय वाचकाच्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावणे, तो फेकणे आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाच्या जोरावर अडवून खाली पाडणे, असे त्याचे स्वरूप असते. एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानावर असतात. परंतु मोठ्या संघात चढाईसाठी वेगळे अकरा आणि बचावासाठी वेगळे अकरा असतात, तर लहान शाळेतील तोच मुलगा दोन्ही वेळा उतरतो. म्हणून या खेळात दोन संघांतील तफावत केवळ गुणफलकावर दिसत नाही. दमलेल्या, अंगाने हलक्या मुलाला होणाऱ्या दुखापतीतही ती दिसते. स्पर्धा न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न येथे प्रतिष्ठेपुरता उरत नाही, तो यामुळेच.

दोन प्रकारच्या शाळा

भारतात 'पब्लिक स्कूल' म्हटले की बहुधा भारी फी घेणारी खाजगी शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. तेथील सार्वजनिक शाळा करांच्या पैशावर चालते, फी घेत नाही आणि सामान्यतः ठरावीक हद्दीत राहणाऱ्या मुलांसाठी असते. हद्दीतील मुलाला ती नाकारू शकत नाही. हद्दीबाहेरून हवा तो मुलगा आणण्याची तिला सहसा मुभा नसते. खाजगी शाळांपैकी पुष्कळशा कॅथलिक पंथीयांनी स्थापन केलेल्या आहेत. मुलांना अशा शाळांत घालण्याचा पालकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1925 साली मान्य केला. खाजगी शाळा फी घेते, विद्यार्थी निवडून घेते आणि तिला हद्द नसते. वादाचे मूळ या शेवटच्या दोन गोष्टींत आहे.

शालेय स्पर्धा प्रत्येक राज्याची क्रीडासंघटना भरवते. शाळांचे गट पाडण्याचे जुने माप म्हणजे पटसंख्या. सहाशे मुलांच्या शाळेने सहाशेच्याच शाळेशी खेळावे, हे वरकरणी रास्त दिसते. परंतु हे माप जितके सोपे तितकेच अपुरे आहे. केवळ मुलग्यांच्या शाळेत सहाशे विद्यार्थी असतील, तर ते सहाशेही संघासाठी उपलब्ध असतात. सहशिक्षणाच्या शाळेत सुमारे तीनशेच. हा दोष हिशेबाने दूर करता येतो. परंतु एका शाळेतील सहाशे एका गावातून आपोआप आलेले आणि दुसरीतील सहाशे अनेक गावांतून निवडलेले असतील, तर पटसंख्या सारखी असूनही त्या दोन शाळा सारख्या नसतात.

याचा परिणाम कॅलिफोर्नियात ठळकपणे दिसतो. काँकर्ड येथील दे ला साल या मुलग्यांच्या कॅथलिक शाळेने 1992 ते 2003 या काळात सलग 151 सामने जिंकले. पुढे त्या राज्याच्या सर्वोच्च गटाचे अजिंक्यपद 2016 पासून 2024 पर्यंत, 2020 मधील खंड वगळता, प्रत्येक वर्षी मेटर डे आणि सेंट जॉन बॉस्को या दोनच कॅथलिक शाळांकडे गेले.

एका पत्राची कथा

राज्य संघटनांच्या नियमांनुसार खेळाडूंना प्रलोभन दाखवून शाळेत ओढण्यास सामान्यतः बंदी असते. तिची सीमारेषा किती धूसर आहे, हे टेनेसी राज्यातील एका खटल्यावरून दिसते. 1997 साली नॅशव्हिलजवळील ब्रेंटवुड अकॅडमी या खाजगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने आठवीतील काही मुलांना पत्र पाठवून वसंत ऋतूतील सरावाचे निमंत्रण दिले. पुढील वर्षी याच शाळेत येण्याचा करार या मुलांनी आधीच केला होता. तरीही राज्य संघटनेने तो नियमभंग ठरवला. शाळेला चार वर्षे देखरेखीखाली ठेवले, फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षे अंतिम स्पर्धांतून वगळले आणि 3,000 डॉलर दंड केला.

शाळा न्यायालयात गेली. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, ही संघटना नावाला खाजगी असली तरी तिच्या सभासदांत 84 टक्के सार्वजनिक शाळा असल्याने ती शासनाप्रमाणेच संविधानाला बांधील आहे. 2007 साली मात्र त्याच न्यायालयाने निर्णय दिला की, या नियमामुळे शाळेच्या भाषणस्वातंत्र्यावर गदा येत नाही. स्वेच्छेने संघटनेत आलेल्या शाळेने तिचे नियम पाळले पाहिजेत. एका पत्रासाठी दहा वर्षे खटला चालला, यावरून दोन्ही पक्षांना हा प्रश्न किती मोलाचा वाटत होता हे ध्यानात येते.

चार उपाय

राज्यांनी या प्रश्नावर निरनिराळे उपाय योजले. पहिला उपाय विभक्तीचा. टेक्सासमध्ये 1910 साली स्थापन झालेल्या आंतरशालेय संघटनेत, दोन जेझुइट शाळांचा अपवाद सोडल्यास, खाजगी शाळांना स्थान नाही. त्यांची संघटना वेगळी आहे.

दुसरा उपाय गुणकाचा. इलिनॉयने 2005 च्या सुमारास हद्द नसलेल्या शाळांची पटसंख्या 1.65 ने गुणण्याचे ठरवले. अशा शाळेत 600 मुले असतील, तर ती 990 मुलांची मानली जाते आणि वरच्या गटात खेळते. परंतु हा गुणक जिंकणाऱ्या आणि नेहमी हरणाऱ्या शाळेला सारखाच लागतो, म्हणून पुढे दुबळ्या संघांसाठी सवलत ठेवावी लागली.

तिसरा उपाय यशाच्या मोजमापाचा. इंडियानाने 2012 साली ठरवले की, स्पर्धांत सतत यश मिळवणारा संघ, मग शाळा कोणतीही असो, वरच्या गटात जाईल. यात पक्षपात नाही. पण यश मिळवणारी मुले शाळा सोडून जातात आणि त्याचा भार मागून येणाऱ्यांवर पडतो.

चौथा उपाय ओहायोचा. तेथे सभासद शाळांनी 2011, 2012 आणि 2013 मध्ये सुधारणेचे प्रस्ताव फेटाळले आणि 2014 मध्ये एक स्वीकारला. त्यानुसार संघातील प्रत्येक खेळाडू कोठून आला याचा हिशेब होतो, आणि तो सार्वजनिक शाळांनाही लागू आहे. शाळेच्या नावावर न जाता मुलाच्या येण्याची वाट पाहणारा हा उपाय किचकट असला, तरी दुखण्याच्या अधिक जवळ जातो.

हद्दीच्या आतील विषमता

कारण सार्वजनिक शाळाही परस्परांत समान नाहीत. त्यांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. या पद्धतीमुळे संघराज्याच्या संविधानाचा भंग होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली टेक्सासच्याच एका खटल्यात दिला. त्याच राज्यात ॲलन या उपनगरातील सार्वजनिक शाळेसाठी 2012 साली 18,000 प्रेक्षकांचे क्रीडांगण सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून उभे राहिले. दे ला सालची विजयमालिका 2004 साली खंडित केली तीही सिअ‍ॅटलनजीकच्या संपन्न उपनगरातील एका सार्वजनिक शाळेने. पैसेवाल्या कुटुंबाला चांगल्या संघाच्या हद्दीत घर घेता येते. तेही एक प्रकारे फी भरणेच होय.

उलट बाजूही विसरता कामा नये. गरीब वस्तीतील एखाद्या मुलाला आर्थिक साहाय्य देऊन खाजगी शाळा बोलावते, तेव्हा चांगल्या शिक्षणाचे आणि पुढे विद्यापीठाचे दार त्याच्यासाठी उघडू शकते. खेळाडू ओढण्यावर सरसकट बंदी घातली, तर ते दारही बंद होण्याचा संभव असतो. मात्र तो मुलगा ज्या सार्वजनिक शाळेतून गेला, तेथील उरलेल्यांना पुढच्या शुक्रवारी कदाचित त्याच्याच विरुद्ध उभे राहावे लागते. गटांची फेरमांडणी करून या उरलेल्यांना दुखापतीपासून आणि निराशेपासून काही संरक्षण देता येते, आणि तेवढे संघटनांनी केलेच पाहिजे. त्यांच्या शाळेतून कोणाला निघून जावेसे वाटू नये, इतकी ती शाळा चांगली करणे हे मात्र कोणत्याही क्रीडासंघटनेच्या अधिकारात नाही. ते काम समाजाचे आणि शासनाचे आहे.