थंड पाण्यातील गळ

उत्तर अमेरिकेतील सरोवरांत बास नावाचा मासा आढळतो. उन्हाळ्यात तो मोठा चपळ असतो. पाण्यावर बेडूक दिसला, की झेप घेऊन त्यास गिळतो. हिवाळ्यात मात्र हाच मासा मंदावतो. पाण्याबरोबर त्याचे शरीरही थंड होते. त्यामुळे पचन सावकाश चालते, भूक कमी लागते आणि भक्ष्यामागे धावण्याची शक्ती तो जपून वापरतो.

पाणी ४ अंश सेल्सिअस तापमानास सर्वांत जड असते. म्हणून खोल सरोवराच्या पृष्ठभागावर बर्फ धरले, तरी तळाशी सुमारे ४ अंशांचे पाणी टिकून राहते. बास पुष्कळदा अशा खोल जागीच आश्रय घेतो.

जाणता मासेमार हे ओळखून असतो. तो शिशाचा गोळा जडवलेला गळ तळापर्यंत सोडतो. उन्हाळ्याप्रमाणे दोरी झरझर गुंडाळावयाची नाही. काठीचे टोक किंचित उचलावयाचे, आमिष पुन्हा तळाशी टेकू द्यावयाचे आणि थांबावयाचे, असा त्याचा क्रम असतो. माशाने आमिष धरले, तरी अनेकदा हिसका बसत नाही. दोरी केवळ जराशी जड भासते. गारठलेल्या बोटांना ही खूण कळली नाही, तर मासा निसटतो.

पुष्कळ मासेमार पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडतात. त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघू नये, म्हणून ते त्यास ओल्या हातांनी धरतात.

दुसऱ्याची गती ओळखून आपली उतावीळ आवरणे, हेच या विद्येचे मर्म होय.