पुन्हा पकडला गेलेला मद्यपी वाहनचालक : कायदा आणि शरीअत

मद्य हराम आहे, हे मुस्लिम घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. अल-बकरा, अन-निसा आणि अखेरीस अल-माइदा या अध्यायांतील आयतींनी ते पायरीपायरीने निषिद्ध ठरले, हेही आपण अनेकदा वाचले आहे. परंतु आपल्याच वस्तीतील एखादा तरुण मद्यप्राशन करून मोटारसायकल चालवताना पकडला जातो आणि घरचे लोक ‘पावती फाडली, प्रकरण मिटले’ म्हणून निश्चिंत होतात, याविषयी आपण क्वचितच बोलतो. प्रिय वाचकहो, ते प्रकरण खरोखर मिटते काय?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास गुन्हा घडतो. वाहनावर ताबा राहू नये इतका अन्य अमली पदार्थांचा अंमल असेल, तरी हेच कलम लागू होते. तेव्हा ‘ती दारू नव्हती’ ही सबब ना शरीअतीत चालते, ना न्यायालयात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. दुसऱ्या आणि त्यापुढील गुन्ह्यास कारावास २ वर्षांपर्यंत व दंड १५,००० रुपये, अथवा दोन्ही.

हा गुन्हा रस्त्यावर तडजोड करून मिटवता येत नाही. तो न्यायालयातच जातो. तेथे गुन्हा कबूल करून दंड भरला, तरी ती दोषसिद्धीच असते, आणि या दोषसिद्धीमुळेच पुढचा गुन्हा ‘दुसरा’ ठरतो. ज्याला आपण पावती समजतो, तो वस्तुतः वाढीव शिक्षेचा पाया असतो. शिवाय न्यायालय किमान ६ महिने वाहन परवाना धारण करण्यास त्याला अपात्र ठरवते. ज्याची रोजी रिक्षा वा टेम्पोवर आहे, त्याच्या घराची चूलच या आदेशाने थंडावते. (हवालदाराला ‘चहापाणी’ देऊन सुटणे हा मार्ग नव्हे, ती लाच आहे, म्हणजे एका हरामावर दुसरे हराम.)

आता शरीअतीकडे वळू. मद्यपीची शिक्षा हनफी फिकहमध्ये ८० फटके, तर शाफिई फिकहमध्ये ४०. त्यामुळे कोकणातील शाफिई घरांतल्या आणि घाटावरील हनफी घरांतल्या ग्रंथांत हा आकडा निरनिराळा आढळतो. ८० चा आधार हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील सल्लामसलतीत आहे. मात्र ही शिक्षा अमलात आणण्याचा अधिकार केवळ शासनाचा. जमातीचा नव्हे, बापाचाही नव्हे.

पुनःपुन्हा मद्य पिणाऱ्याचा एक प्रसंग सहीह बुखारीत आहे. अब्दुल्लाह नावाचा एक मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे याच अपराधासाठी वारंवार आणला जाई. एकदा उपस्थितांपैकी कोणी वैतागून त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्यास रोखले आणि त्या अपराध्याच्या अंतःकरणात अल्लाह व त्याच्या प्रेषिताविषयी प्रेम असल्याची ग्वाही दिली. आमच्या व्याख्यानांत हा प्रसंग बहुधा येथेच थांबवला जातो. परंतु शिक्षा त्याही वेळी झाली होती. शाप रोखला गेला, शिक्षा नव्हे.

आपण नेमके उलट करतो. घरात मुलाला शिव्याशाप देतो आणि ठाण्यात त्याच्यासाठी ओळखीच्या पुढाऱ्याकडून फोन करवतो. बनू मखजूम या प्रतिष्ठित कुळातील एका स्त्रीने चोरी केली, तेव्हा उसामा बिन जैद (रजि.) यांनी रदबदली केली. प्रेषित (स.) संतप्त झाले, प्रतिष्ठितांना सोडणे आणि दुर्बलांना शिक्षा करणे, यामुळेच पूर्वीच्या लोकांचा नाश झाला, असे त्यांनी बजावले. प्रेषितांना (स.) अत्यंत प्रिय असलेल्या उसामांची शिफारस जेथे चालली नाही, तेथे नगरसेवकाच्या फोनची काय कथा!

तौबाच्या अटींत पुन्हा ते पाप न करण्याचा दृढ निश्चय येतो, आणि त्या निश्चयाला घरच्यांचे साहाय्य लागते. सोबत कोण बसते ते पाहा, व्यसनमुक्ती केंद्रात न्या, आणि वाहनाची चावी काढून घ्या. परवाना अपात्र ठरलेल्या मुदतीत त्याने वाहन चालवले, तर तो नवा, स्वतंत्र गुन्हा होतो. आणि चावी जाणूनबुजून वाहनाचा मालक असलेल्या वडिलांनीच दिली असेल, तर कलम १८० अन्वये ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, ही शिक्षा वडिलांना होऊ शकते.