आरोग्यधोरण कसे ठरते? : मिठाचा एक पाठ

(इयत्ता सातवी : नागरिकशास्त्र व सामान्य विज्ञान)

शासनाने नियम केला, एवढे सांगून पाठ संपत नाही. तो कोणत्या पुराव्यावर झाला व कोणत्या हरकतींतून टिकला, हे विद्यार्थ्यांस कळले पाहिजे. त्यासाठी घरातील मीठ हे उत्तम उदाहरण होय.

१. प्रश्न : हिमालयाच्या पायथ्याशी पाऊस व पूर यांमुळे जमिनीतील आयोडीन वाहून जाते. अन्नातून ते न मिळाल्यास गळ्यातील अवटु ग्रंथी फुगते, हाच गलगंड. परंतु मोठी हानी निराळीच आहे. गर्भावस्थेत आयोडीनची तीव्र उणीव पडल्यास बालकाची बुद्धी कायमची खुंटते.

२. पुरावा : सन १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोहोंस आयोडीनयुक्त मीठ व एकास साधे मीठ पुरविले. शाळकरी मुलांचे गळे तपासले. काही वर्षांनी पहिल्या दोन विभागांत गलगंड पुष्कळ घटला. तिसऱ्यात तसा घटला नाही. मग तेथेही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले.

३. निर्णय : सन १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मीठच का निवडले? श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येक जण ते रोज व साधारण सारख्याच प्रमाणात खातो. पुढे डोंगराळ भागाबाहेरही ही उणीव आढळल्याने सर्वच खाद्य मिठात आयोडीन मिसळण्याचे धोरण स्वीकारले गेले.

४. हरकत : साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी केंद्र शासनाने सन २००० मध्ये उठविली. खाण्याच्या बाबतीत सक्ती नको, असा एक पक्ष होता. गरोदर मातेच्या पोटातील बालक स्वतः निवड करू शकत नाही, हे दुसऱ्या पक्षाचे उत्तर होते. सन २००६ मध्ये बंदी पुन्हा अमलात आली. म्हणजे धोरण एकदा ठरले की कायमचे ठरले, असे नव्हे. ते जपावे लागते.

वर्गकार्य : मुलांकडून घरच्या मिठाच्या पिशवीवरील मजकूर वाचून घ्यावा. मीठ झाकणाच्या कोरड्या भांड्यात ठेवावे, ओल व उन्हाने आयोडीन उडते, हे सांगावे.

प्रश्न : (१) एका विभागास प्रथम साधे मीठच का दिले असावे? तसे करणे योग्य होते काय? (२) सक्ती व निवड या दोहोंपैकी तुमचा पक्ष कोणता? कारणे द्या.

दुसऱ्या प्रश्नास एकच उत्तर अपेक्षू नये. कारणे मात्र अवश्य मागावीत.