मुलगी कॉलेजातून गप्प होऊन आली तर...



मागच्या महिन्यात एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "गटातून कर्ज काढून पोरीची फी भरली. आता ती म्हणते, शिकायचं नाही. का, ते सांगत नाही." मला माझे दिवस आठवले.

मी शहरात शिकायला गेले तेव्हा वर्गात 'पाणी'ला 'पानी' म्हणाले आणि सगळे हसले. ऑफिसात सगळ्यांसमोर ओरडायचे, "स्कॉलरशिपवाले बाजूला थांबा." आडनाव कळलं की काहींचं बोलणंच बदलायचं. मी वर्गात प्रश्न विचारणं सोडलं. माझी खोलीतली मैत्रीण तर दुसऱ्या वर्षाला आलीच नाही. घरी तिनं सांगितलं, अभ्यास झेपत नाही. खरं तर ती आमच्यात सगळ्यात हुशार होती.

भेदभाव कशाला म्हणायचं?
जात, धर्म, भाषा, गाव, गरिबी किंवा मुलगी असण्यावरून कमी लेखणं, टोमणे मारणं, वेगळं पाडणं. मारहाण झाली तरच भेदभाव, असं नाही.

२०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या जळगावच्या आदिवासी कुटुंबातल्या मुलीनं जीव दिला. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या विद्यापीठात २०१६ मध्ये जीव दिलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, अशा दोघी सुप्रीम कोर्टात गेल्या. मागणी एकच, कॉलेजातला जातिभेद थांबवा. आपली मुलं गमावलेल्या आया दुसऱ्यांच्या मुलांसाठी उभ्या राहिल्या.

आपण काय करायचं?

१. आधी ऐकून घ्या. "तूच काही केलं असशील" किंवा "राहू दे, लग्न उरकून टाकू" असं म्हणू नका.

२. नोंद ठेवा. वहीत नाही ते झालंच नाही, असं आपण हिशोबाला म्हणतो. इथंही तेच. तारीख, जागा, कोण काय बोललं, कुणी ऐकलं, हे मुलीला लिहून ठेवायला सांगा. मोबाईलवरचे मेसेज पुसू नका.

३. प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्या. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्या. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितले आहेत. कॉलेजात ते कोण आहेत, विचारा.

४. जात, भाषा, गाव, गरिबीवरून छळणं हे रॅगिंगमध्येही येतं. मोफत हेल्पलाइन: १८००-१८०-५५२२.

५. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांचा जातीवरून अपमान झाला, तर १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

६. मुलगी "जगावंसं वाटत नाही" म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

कॉलेजात एकट्या आईला जायला भीती वाटते. मग गटातल्या दोघीतिघींनी सोबत जा. बँकेत जातो तसंच.

बैठकीत बोलूया

- आपल्या गटातल्या किती मुली कॉलेजला जातात? मधेच कुणी सोडलं? खरं कारण विचारलं का?
- मुलगी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणते, तेव्हा आपण पुढे काय विचारतो?
- आपल्या गटात कुणाच्या घरी बैठक घ्यायचं, चहा प्यायचं टाळलं जातं का? मुलं हे घरीच बघून शिकतात. हा प्रश्न अवघड आहे, पण वगळू नका.