ताटाचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगत कोरपना तालुका आहे. येथील शिवारात कापूस, सोयाबीन व तूर पिकते. भूमीत चुनखडी विपुल असल्याने गडचांदूरच्या परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले आहेत. किती क्विंटल कापूस निघाला, याचा हिशेब शेतकरी ठेवतो. किती पोती बाहेर गेली, याची नोंद कारखाना ठेवतो. परंतु ज्या देहाच्या बळावर ही सारी कामे चालतात, त्या देहात दिवसभरात कोणते अन्न गेले, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी ठेवतो.

बालपणी हा हिशेब आपल्यासाठी दुसरे कोणी तरी ठेवते. गावातील अंगणवाडी सेविका लहान बालकांचे वजन घेते, त्यांची उंची मोजते व ते आकडे मोबाइलवर नोंदवते. या नोंदींसाठी २०२१ साली केंद्र शासनाने ‘पोषण ट्रॅकर’ सुरू केला. एखाद्या बालकाची वाढ खुंटत असेल, तर ती गोष्ट या आकड्यांवरून ध्यानात येते व वेळीच उपाय करता येतो. पुढे शाळेतही दुपारच्या भोजनाची काळजी घेतली जाते.

मात्र अठरा-वीस वर्षांचे तरुण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडतात, तेव्हा ही काळजी घेणारे कोणी जवळ नसते. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी समोसा, रात्री जे हाती येईल ते, असा क्रम सुरू होतो. पोट भरते, परंतु शरीराची गरज भागतेच असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत सुमारे चौपन्न जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. ज्या वयात अभ्यास व कष्ट करायचे, त्याच वयात थकवा यावा, ही हानी लहान नव्हे.

अशा वेळी खिशातील मोबाइलच हिशेबाची वही होऊ शकतो. समजा, कोरपन्याची एक तरुणी चंद्रपूरला खोली घेऊन शिकत आहे. तिने तीन दिवस एकच नियम पाळला : जे तोंडात जाईल, त्याचे आधी छायाचित्र घ्यायचे. तिसऱ्या रात्री ती सारी चित्रे क्रमाने पाहू लागली, तर तिला काय दिसेल? चहाचे पेले अनेक, तळलेले पदार्थ रोजचे. परंतु पालेभाजी एकदाही नाही आणि फळही नाही. आपली स्मृती मधल्या वेळचे खाणे सहज विसरते. चित्र ते विसरत नाही.

नोंद झाली, की तुलना करावी. हैदराबाद येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचा आरंभ १९१८ साली कुन्नूर येथे झाला व १९५८ साली ती हैदराबादला आली. या संस्थेने २०१९ साली आहारातील पोषणद्रव्ये मोजणारे एक मोबाइल अ‍ॅप काढले. २०२४ च्या मार्गदर्शिकेत तिने सांगितले, की दिवसभराच्या आहाराचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या व फळे यांचा असावा.

पुड्यावरील बारीक अक्षरेही मोबाइलने मोठी करून वाचता येतात. एखाद्या पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम साखर आहे असे छापलेले असेल, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीतून २५ ग्रॅम साखर पोटात जाते. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला, तर हे पाच चमचे झाले! त्रैराशिक केवळ परीक्षेपुरते नसते, हे येथे पटते.

दोष दिसला, म्हणून एका दिवसात सारे बदलण्याचा हट्ट धरू नये. एकेक सवय बदलावी. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपल्या भागातले जेवण मुळीच उणे नाही. त्यावर लिंबू पिळले, तर भाजी-डाळीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर ते कमी शोषले जाते. म्हणून जेवणानंतर काही वेळ चहा टाळण्याची आठवण मोबाइलच्या घंटेने करून द्यावी. सीताफळ, बोर, जांभूळ ही फळे हंगामात बाजारात स्वस्तही मिळतात.

तथापि या साधनाच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो. थकव्याचे कारण आहार आहे की आजार, हे मोबाइल सांगू शकत नाही. त्यासाठी दवाखान्यात रक्ततपासणीच करावी लागते. तसेच हा हिशेब उपाशी राहण्यासाठी नाही, नीट जेवण्यासाठी आहे. वाढत्या वयाच्या मुलांनी तर आकडे पाहून ताटातील अन्न कधीच कमी करू नये. शिवाय तोच मोबाइल पाहत जेवले, तर आपण किती खाल्ले याचे भान राहत नाही. नोंद झाली, की वही मिटावी आणि मग जेवावे.

मुलांनो, आज तुमचे ताट घरची मंडळी वाढतात. काही वर्षांनी ते तुम्हांला स्वतः वाढून घ्यावे लागेल. मोबाइल तेव्हा नोंद ठेवील, आठवण करील. परंतु भाजी निवडणे, पीठ मळणे व भाकरी थापणे तुम्हांलाच करावे लागेल. ते आजपासून शिकू लागा.

स्वाध्याय

१. अंगणवाडीतील नोंद व तरुणांनी स्वतः ठेवलेली नोंद यांत कोणते साम्य व कोणता भेद आहे?
२. ‘पोट भरते; परंतु शरीराची गरज भागतेच असे नाही.’ या विधानाचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. घरातील खाद्यपदार्थाच्या एका पुड्यावरील मजकूर वाचा व संपूर्ण पुड्यात किती साखर आहे, ते गणित करून लिहा.