जोडी घेताना

काष्टीत दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्यात हिंडायचो. रंगवलेल्या शिंगांपाशी माझी नजर अडकली की ते म्हणायचे, "रंग काय बघतोस? दात बघ, मग चालवून बघ." एवढी शिकवण पदरात असूनही २०१९मध्ये स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग पारखून ऐकायचे स्पीकर, घ्यायला गेलो तेव्हा मी शिंगांचा रंगच बघत होतो.

घरामागच्या १० बाय १०च्या खोलीत मी भजनी मंडळांचे अभंग, शाळेच्या स्नेहसंमेलनाची गाणी आणि रिक्षावर फिरणाऱ्या दुकानांच्या जाहिराती रेकॉर्ड करतो. चुकत-माकत जे कळलं ते असं.

१. गोड वाजणारा स्पीकर मिक्सिंगला नको.

सुरुवातीला घरात होता तोच गाणी ऐकायचा स्पीकर वापरला. तो कारखान्यातूनच बेस फुगवून आलेला. त्यावर पखवाज जड वाटला म्हणून मी खालचा आवाज कापत गेलो. तोच अभंग उसाच्या ट्रॅक्टरवर वाजला तेव्हा पखवाजाच्या जागी पत्र्याचा डबा बडवल्यासारखं ऐकू आलं. चूक पखवाजवाल्याची नव्हती, मला खोटं ऐकवणाऱ्या स्पीकरची होती.

यामाहाची एनएस-१० ही जोडी १९७८मध्ये घरी गाणी ऐकण्यासाठी बाजारात आली. घरातल्या लोकांना ती फारशी रुचली नाही, पण जगभरच्या स्टुडिओंनी तिला डोक्यावर घेतलं, कारण तिच्यावर नीट वाजलेलं गाणं बाहेरही नीट वाजायचं. तिच्या पांढऱ्या कोनला लागणारा लाकडाचा लगदा मिळेना, म्हणून २००१मध्ये ती बंद झाली. मॉनिटरकडून मला आता एवढंच हवं असतं: त्याने माझी चूक झाकू नये.

२. चालवून बघितल्याशिवाय जोडी घेऊ नका.

दौंडवरून रेल्वेने पुणं गाठायचं आणि तपकीर गल्लीत किंवा एखाद्या वाद्यांच्या दुकानात ऐकायला बसायचं. दुकानदार लावतो ते गाणं ऐकू नका, ते त्याचं शिंगं रंगवलेलं जनावर असतं. स्वतःचं ऐका. मी पेनड्राइव्हमध्ये तीन गोष्टी नेतो: शंभरदा ऐकलेलं एक गाणं, फक्त बोलण्याचं एक रेकॉर्डिंग आणि माझं एक फसलेलं मिक्स. फसलेल्यातली खोट ज्या जोडीवर आधी कळते, ती जोडी कामाची. सगळ्या जोड्या सारख्याच मोठ्या आवाजात लावायला सांगा. थोडी मोठ्याने वाजणारी जोडी कानाला नेहमीच उजवी वाटते.

३. इंच खोलीकडे बघून ठरवा, खिशाकडे बघून नाही.

कागदावर प्रिसोनस एरिस ई३.५ हा साडेतीन इंची मॉनिटर ८० हर्ट्झपर्यंत खाली जातो, यामाहा एचएस५ हा पाच इंची ५४पर्यंत आणि जेबीएल ३०५पी साधारण ४३पर्यंत. आवाज, हार्मोनियम आणि जाहिरातींसाठी साडेतीन इंची पुरतो. पखवाज किंवा ढोलकी असेल तर पाच इंची घ्यावा. लहान खोलीत आठ इंची आणणं म्हणजे वाफ्यात ट्रॅक्टर घालणं. वॅटच्या मागेही लागू नका. एचएस५ सत्तर वॅटचा आहे आणि हातभर अंतरावर बसणाऱ्याला तेवढा भरपूर होतो. आपल्याला वरात नाचवायची नाही.

४. भाव नगाचा की जोडीचा, हे आधी विचारा.

एचएस५ आणि ३०५पी नगावर विकले जातात, एरिस ई३.५ जोडीने मिळतो. मी घाईत एका नगाचा भाव जोडीचा समजलो, हिशेब चुकला आणि एकच मॉनिटर घेऊन घरी आलो. दुसऱ्याचे पैसे जमेपर्यंत तीन महिने एका बैलावर शेत नांगरलं. बजेटमध्ये मॉनिटरच्या किमतीवर ऑडिओ इंटरफेस, दोन केबल आणि स्टँड धरा. स्टँड गावातल्या वेल्डरकडून करून घेतले तरी चालतात, फक्त ते हलता कामा नयेत.

५. मॉनिटरपेक्षा खोली जास्त वाजते.

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात महाग पडली. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो, मग त्याच्या दुपटीचा, म्हणजे ११२चा. खोली चौरस असली की लांबी आणि रुंदी दोन्हींचं घुमणं त्याच आकड्यांवर येऊन बसतं. माझी खोली चौरसच. खोलीच्या अगदी मधोमध मात्र तो ५६चा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मी नेमका तिथे खुर्ची टाकून बसायचो आणि मॉनिटरला बेस नाही म्हणून कुरकुर करायचो.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर सरकवली आणि निम्मा प्रश्न सुटला. डावा मॉनिटर, उजवा मॉनिटर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा आणि ट्वीटर कानाच्या उंचीला. मागे भोक असलेला मॉनिटर भिंतीला चिकटवला तर बेस फुगतो. सरकवायला जागाच नसेल तर मागच्या बटणांवरून खालचा आवाज थोडा उतरवा, ती बटणं त्यासाठीच असतात.

अंड्यांचे ट्रे मीही लावले होते. पोल्ट्रीवाल्या मित्राने फुकट दिले आणि त्यांची किंमतही तेवढीच निघाली. ते थोडी वरची किणकिण खातात, घुमणं तसंच राहतं. गोधड्यांचंही तेच: टाळांचा चरचरीतपणा मऊ झाला, पखवाजाचं घोंघावणं हललं नाही. फरक पडला तो लाकडी चौकटीत चार इंच जाड रॉकवूल भरून, वर कापड ताणून कोपऱ्यांत आणि दोन्ही बाजूंना उभं केल्यावर. तेवढ्या पैशात मॉनिटर एक पायरी वरचा आला असता, पण तो असल्या खोलीत वायाच गेला असता.

६. गुणगुण आली तर आधी अर्थिंग बघा.

नव्या मॉनिटरमधून 'हुंऽऽ' असा आवाज यायचा. नग खराब निघाला म्हणून परत करायला निघालो होतो. वायरमनने घराचं अर्थिंग तपासलं तर ते नावालाच होतं. ते नीट करून घेतलं, कॉम्प्युटर, इंटरफेस आणि मॉनिटर एकाच बोर्डावर आणले, साध्या केबलऐवजी तीन कप्प्यांच्या पिनची बॅलन्स्ड टीआरएस केबल लावली आणि गुणगुण गेली. आमच्याकडे विजेचा दाब खाली-वर होत असतो, त्यामुळे स्टॅबिलायझरही हवा. मॉनिटर सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद करायचा, म्हणजे 'ठप्प' असा दणका ट्वीटरला बसत नाही.

७. हळू ऐका.

फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच दाखवून दिलं की आवाज हळू असला की आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो आणि मोठा केला की तो भरून येतो. म्हणून जोरात लावलं की प्रत्येक मिक्स झकास वाटतं. मी ७५ डेसिबलच्या आसपास काम करतो, म्हणजे शेजारी बसलेल्याशी ओरडावं लागू नये एवढंच. मोबाइलवरच्या मीटरने तेवढा अंदाज येतो.

८. शेवटची परीक्षा ट्रॅक्टरवर आणि मोबाइलवर.

अजय-अतुल यांनी 'सैराट'चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. तीच गाणी आमच्याकडे कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरवर ऐकली गेली. माझे अभंगही तिथेच जाणार आणि मोबाइलवर तर हमखास. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा खर्ज झेपत नाही. पण त्या थापेतले वरचे सूर शाबूत ठेवले तर कान खालचा सूर आपल्या मनाने भरून घेतो. म्हणून आता मी नुसता खर्ज वाढवत बसत नाही, थापेतला तो वरचा भाग जपतो.

गेल्या पावसाळ्यात एका अभंगात डावी पुडी काही केल्या सुटी होईना. दोन दिवस मी कापाकापी करत होतो. कधी खोलीवर संशय घेतला, कधी मॉनिटरवर. तिसऱ्या दिवशी पखवाज वाजवणारे बुवा सहज आले. त्यांना माझ्या खुर्चीत बसवून काहीही न सांगता ट्रॅक लावला. चार आवर्तनं झाली असतील. बुवांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "त्या दिवशी कणीक जास्त लागली होती रे. पुन्हा वाजवतो."